अर्थ मिळंना

डॉक्टर बिराजदार उदगीरहून आले, ते
गाडीतून उतरले म्हणण्यापेक्षा गाडीतून वर आले.
इतकी बुटकी. दोन दारं, कापडी छत,
सत्तर-बहात्तरचं विलायती मॉडेल,
आणि रंग असा लाल, की शेजारचा रसवंतीवाला
चरक थांबवून बघत राहिला.

'काटं नाचलालेत बग, खाजा.
पुण्यात दोनदा सेंडर बदलला, थर्मोस्टॅट बदलला,
टाकी उतरवली.
आता म्हणतात, मीटरच नवे मागवा, लंडनहून.'
दातांचे डॉक्टर. त्यांना मी काय सांगावं
की दुखतो तो दात आणि किडतो तो दात
दरवेळी एकच नसतो.

मी आधी काहीच उघडलं नाही.
इंजिन लावलं, पाहत बसलो.
टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या जरा वर, मुकाट.
हेडलाइट लावला,
काटा उठला तो थेट लालात.
बंद केला, खाली आला.
पुन्हा लावला. पुन्हा लालात.
'डॉक्टर, दिवा लावल्यानं पाणी उकळत नसतं.'

मग इंडिकेटर. उजवा.
टक, टक, टक,
आणि त्याच ठेक्यावर पेट्रोलचा काटा मान डोलवू लागला
कीर्तनात मागं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा,
ज्याला ऐकू येत नाही पण ताल कळतो.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, अर्थ मिळंना.
शाळेत मराठीच्या बाईही
मला उभं करून जवळपास हेच म्हणायच्या.
करंट येतो ते सगळ्यांना दिसतं,
त्याला घरी परतही जायचं असतं, हे कुणी बघत नाही.
आपली वाट बंद झाली की तो शेजाऱ्याच्या दारातून घुसतो,
दिव्याचा मीटरात, मीटरचा इंडिकेटरात,
आणि मग जो तो दुसऱ्याचंच बोलायला लागतो.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक लांब वायर ओढली,
डॅशच्या पाठीला नुसती टेकवली.
काटे निवले.
काढली, नाचले.
डॉक्टर म्हणाले, 'बास, हीच ऱ्हाऊ दे.'

पाय सीटवर, डोकं क्लचच्या पेडलपाशी,
तोंडात टॉर्च, आणि मे महिना.
अर्थची चकती रंगावरच बसवलेली.
खरवडलं. लालाखाली हिरवा,
हिरव्याखाली सायीसारखा पांढरा,
मग कुठं लोखंड.

आणि स्टिअरिंगच्या खांबाला, बाजूला,
वायरीचा एक कापलेला तुकडा लोंबत होता.
जोडावर टेप नव्हती. सुताचा दोरा,
सात वेढे, वरून मेणबत्तीचं मेण.

टेपला पैसे नसायचे तेव्हा अब्बा असंच बांधायचे.

म्हणजे ही इथं येऊन गेलीय,
याच टपरीत, गरुड चौकाच्या अलीकडे,
साखर कारखान्याच्या कुण्या केमिस्टची असताना, सायीच्या रंगात.
'तात्पुरतं केलंय साहेब,' म्हणाले असतील चाँदपाशा मिस्त्री.
तात्पुरतं दोन रंग टिकलं.
तिसऱ्या रंगवाल्यानं लोंबतंय म्हणून कापलं.

लोखंड उघडं केलं, चकती आवळली.
मग अब्बांची वायरही सांधली.
गरज नव्हती.

चावी फिरवली. टेंपरेचर मधोमध.
दिवा लावला, मधोमध.
पेट्रोलचा काटा मात्र उतरत गेला,
अर्धा, पाव, आणि शेवटच्या रेघेखाली जाऊन
निवांत पडला.
'आँ? उदगीरहून निगताना फुल होतं की!'
'दिसत होतं.'

बिलात लिहिलं: अर्थ, दीडशे रुपये.
रस्त्यावर वळेपर्यंत गाडी दोनदा खोकली आणि थांबली.
पंपापर्यंत मी ढकलली, रसवंतीवाल्यानं ढकलली,
डॉक्टर आत बसून
इंडिकेटर लावत होते, काढत होते, लावत होते.
काटा हलत नव्हता.