काटा

तिजानी, बाटली भरून ठेवली आहे तुमची,
पण आधी बसा.
उंट थांबवते. तो थांबला की
अख्खं अतबारा थांबल्यासारखं वाटतं,
लाकडाची कुरकुर तेवढी
थोडा वेळ हवेत फिरत राहते.

वीस वर्षं तुम्ही इंजिनात कोळसा ओढलात,
अबू हमदच्या वाळूतून गाड्या नेल्यात
एक डोळा काट्यावर ठेवून.
काटा तांबड्या रेघेला टेकला
की वाफ सोडायची,
हे तुम्हाला झोपेतही कळायचं.
मग परवा दवाखान्यात इहसाननं
दंडाला पट्टा बांधला, फुगवला,
आणि काटा एकशे ऐंशीवर थरथरला,
तेव्हा हसलात म्हणे.

म्हणे, गोळ्या बंद केल्यात.
म्हणे, काळ्या दाण्याचं तेल चालू आहे, तेवढं पुरे.
ठाऊक आहे मला, बाजारात काय बोलतात:
मरण सोडून सगळ्यावर उतारा.
माझ्याच दारातून बाहेर पडतं ते वाक्य,
बाटलीबरोबर, फुकट.

मी घाणेवाली. माझं पोट या दाण्यावर.
तिळाहून बारीक, कोळशाच्या चुऱ्यासारखा,
मुठीत धरला तर बोटांतून निसटतो.
लाट त्याच्यावर फिरते, फिरते,
सकाळभर काही होत नाही,
आणि मग एकदम तो घाम सोडतो,
हिरवट, काळा, घशात मिऱ्यासारखा झोंबणारा.
पहिला थेंब मी बोटावर घेऊन चाखते.
खोटं तेल या दारातून कधी गेलेलं नाही.

हमदनीलही चाखायचे.
रोज, इथंच उभे राहून, एक चमचा,
तोंड वाकडं करून.
गोळ्यांची पाकिटं मला नंतर सापडली
पेंडीच्या पोत्यांमागे.
चाळीस. मोजली मी.
एकही फोडलेलं नव्हतं.

दुपार होती. उंटाच्या डोळ्यांवरची झापडं सोडायला
त्यांनी हात वर केला,
आणि तो हात कुठं जायचं ते विसरला.
उंट बिचारा
एक फेरा जास्त चालला.

लोक म्हणाले, तेलात भेसळ असेल.
नव्हती.
तेल तेलाएवढं करत होतं.

इहसान चिडत नाही, बघा.
म्हणते, चमचा घ्या, पण मला सांगून घ्या,
गोळीच्या जागी नको, गोळीच्या शेजारी.
काटा कदाचित थोडा खाली येईल, म्हणते,
कदाचित नाही येणार, मी लिहून ठेवीन.
तिच्या वहीत दर महिन्याला आकडे असतात,
तुमच्या आळीतले सगळे.
माझाही.
हो, माझाही. हसू नका.
त्या मोठ्या बरणीमागे चहाचा पत्र्याचा डबा दिसतो?
त्यात चहा नाही.

तर असं करू.
बाटली आज न्या. पैसे आज नकोत.
पुढच्या गुरुवारी या,
गोळ्यांचं पाकीट घेऊन या,
फोडलेलं, रिकामं,
मग भाव सांगते.
न आणलंत तर दुप्पट.

उठा आता, उंट कंटाळला,
आणि मला संध्याकाळपर्यंत
अजून अर्धं पोतं काढायचंय.

जाताना शेळीला थोडी पेंड न्या.
कडू असते.
पण ती खाते.