उत्तरं आधीच लिहून ठेवली

तिसऱ्यांदा मेमरी कार्ड जळालं
तेव्हा ठरवलं, आता हातानं नाही.
वीज गेली, आली, परत गेली,
आणि पानाच्या डब्याएवढं ते यंत्र
राउटरशेजारी मुकं बसलं.
घरभर परत रमीचे पत्ते,
पाच मिनिटांत कर्ज, गुडघ्याचं तेल.

पहिल्या वेळी अख्खी रात्र गेली होती,
दुसऱ्या वेळी वहीत बघून दोन तास;
वहीतलं माझंच अक्षर मला लागेना.
मग रविवारभर बसून स्क्रिप्ट लिहिली.
यंत्र जे जे विचारतं
त्याची उत्तरं आधीच भरून ठेवली.
तुझा पत्ता हा, कायमचा, बदलायचा नाही.
तुला ठाऊक नसेल ते ह्या वरच्याला विचार.
अडवायच्या नावांची यादी इथून आण,
आठवड्यातून एकदा, पहाटे तीनला, आम्ही झोपेत असताना.
आणि काही चुकलं तर थांब,
उगाच पुढं रेटू नकोस.

हे शेवटचं वाक्य अण्णांचं.
अण्णा म्हणजे अतिग्रे पेंटर, गंगावेस.
गगनबावड्याच्या रस्त्याला चाळीस वर्षं
खत, विडी, बनियन, सिमेंटचे पाइप.
फ्लेक्स आला.
डब्यातलं टर्पेंटाइन उडून गेलं, ब्रश ताठ झाले.

एंटर दाबलं. ओळी सरकायला लागल्या.
अण्णा खुर्ची ओढून बसले.
"ह्ये कोण लिवतंय?"
मीच. मागच्या रविवारी.
"मग आता तू काय करतोयस?"
काही नाही. चहा.

नऊ मिनिटं.

यादी दाखवली त्यांना, लाखभर नावं.
बराच वेळ बोटानं खाली खाली जात राहिले,
मग चष्मा काढून म्हणाले,
"माझ्या भिती बी अडवल्या असत्यास का रं?"

काय सांगायचं.
म्हटलं, तुम्ही घरवाल्याला विचारून रंगवायचात.
"विचारायचो. वर दर्शनी बाजूला चुना फुकट.
कळ्याची एक बाई नगं म्हणाली.
न्हाई म्हंजे न्हाई. सोडली ती भित.
अजून कोरी आसंल."

फोनवर पेपर उघडला त्यांनी.
बातम्यांच्या मधे मधे पांढरे चौकोन,
जिथं काहीतरी यायचं होतं आणि आलं नाही.
मला वाटलं, म्हणतील, पान बिघडलंय.
अण्णांनी फोन हातभर लांब धरला,
एक डोळा मिटला, अक्षरांचं माप घेताना मिटायचे तसा.
"दोन हात बसल्यात चुन्याचं. वाळलाय बी."
अंगठ्यानं चौकोनात एक काना ओढला,
पान खाली घसरलं.

संध्याकाळी उज्ज्वलाक्काकडं, कसबा बावड्यात,
हीच स्क्रिप्ट चालवायची आहे.
तिच्या घराचा पत्ता बदलून घेतला,
भाच्याच्या परीक्षेची एक साइट सोडून दिली.
सगळं झाल्यावर शेवटी पडद्यावर
'यशस्वी' असं यायचं, ते खोडलं.
खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक:
अतिग्रे पेंटर, गंगावेस.

नंबर घालू का, विचारलं.
"घाल की," म्हणाले.
आणि न अडखळता सांगितला,
जुना, पाच आकडी.