कालुसंक

खानापूर कोर्टाच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली,
माझी दोन मशिनं: एक कन्नड, एक मराठी.
मराठीचा 'ळ' जड चालतो, ओल्या हवेत जास्तच.
त्यावर हल्ली लग्नपत्रिकेचे मजकूर निघतात
आणि कधीतरी कुणाचं रागाचं पत्र.
लोक मराठीत सांगतात, मी कन्नडमध्ये बडवतो.
मधली उडी
कुठल्याच कागदावर दिसत नाही.

मलप्रभा सुतार पहिल्यांदा आली
तेव्हा अंगातला कोट सीनियरचा होता, बाह्या दुमडलेल्या.
बाप कौलांच्या कारखान्यात,
नखांत बारमाही लाल माती.
पोरीला नदीचं नाव दिलं त्यानं.
नदी फी मागत नाही,
हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नसावं.

जांभूळओहोळची अर्जी मीच टाइप केली.
चार महिने पाणी, पलीकडे चौतीस घरं,
बाळंतीण आणायची तर बांबूला घोंगडं बांधून.
'साकव'पाशी माझी बोटं थांबली.
याला कन्नडमध्ये काय लिहू?
"कालुसंक लिवा की मामा," ती म्हणाली,
"पायापुरता पूल. तेवढाच मागायचाय."

आठ वर्षं. सत्तेचाळीस तारखा. पाच जज्ज बदलले.
सहावा भला माणूस होता,
चष्मा काढून म्हणाला,
हा धोरणाचा प्रश्न आहे बाई, सरकारकडे जा.
म्हणून ती सरकारकडे गेली.
एवढंच झालं.
पेपरवाल्यांनी त्याला महत्त्वाकांक्षा म्हटलं.

इकडचे म्हणाले, कन्नडमध्ये भाषण करते, फितूर.
तिकडचे म्हणाले, घरात मराठी बोलते, परकी.
चौदाशे सहा मतांनी आली.
दोघांनीही दिली असणार गुपचूप,
नाहीतर बेरीज जुळत नाही.

डिसेंबरात बेळगावला अधिवेशन.
हलग्याच्या माळावरची ती पांढरी इमारत,
मला गॅलरीचा पास.
दारात तंबाखूची पिशवी काढून घेतली,
आत गालिचा इतका मऊ
की आपलेच पाय आपल्याला ऐकू येईनात.
"मान्य सभाध्यक्षरे," ती उभी राहिली.
तीन मिनिटं होती. तिनं एक मिनिट तर
चौतीस घरांची नावंच वाचली.
मग म्हणाली, कालुसंक.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं,
असा शब्द तिथं सहसा येत नसावा.
मंत्री उठले. मान कागदातच.
"परिशीलिसलागुवुदु."

विचार केला जाईल.
माझी बोटं मांडीवर आपोआप हलली.
तीस वर्षं हा शब्द उत्तरांच्या तळाशी वाचतोय,
त्याची एकेक कळ अंधारात सापडते मला.

शनिवारी चिंचेखाली आली.
गनमॅन चहाच्या टपरीवर थांबला.
"मामा, एक पान आहे. राजीनामा."
कुठल्या मशीनवर, मी विचारलं.
तिनं दोन्हींकडे पाहिलं,
मी तेवढ्यात कार्बन काढून ठेवला.
"मराठी."
बेंगळूरला हे कोण वाचणार,
ते मी बोललो नाही.

टाइप केलं. तिनं वाचलं.
"हे काय? जांभू ओहो?
आणि खाली नुसतं 'क वे'?"
'ळ' अडकलाय, मी म्हटलं.
तिनं पर्समधून पेन काढलं,
पहिल्या रिकाम्या जागेवर टेकवलं,
शाईचा एक ठिपका उमटला.
तिथंच थांबली.
चिंचेचं पान कागदावर पडलं, ते झटकलं नाही.
मग घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
"मशीन दुरुस्त करून घ्या. मग बघू."

'ळ' खरंच अडकला होता का,
ते मशीनला माहीत.
दुरुस्तीला अजून टाकलेलं नाही.
पानाला वीस रुपये होतात,
तेही मागितले नाहीत.