वरची फोड

पहाटे पावणेपाचला दारावर दोन टिचक्या.
मुठीने नाही, बोटांच्या पेरांनी,
शेजारच्या खोलीतलं मूल उठू नये इतपत.
ट्रेमध्ये चहा, टोस्ट, स्टीलच्या झाकणाखाली कोंडलेली वाफ.
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव: रोडेलिओ, इलोइलो.
बोट डावीकडे कलली, तो उजवीकडे कलला,
चहा होता तिथेच राहिला.

मी गाऊनच्या खिशात हात घातला
आणि रिकामाच बाहेर काढला.
दार लागल्यावर पलंगावरून व्हर्लिन म्हणाला,
"दिलेत की आधीच.
माणशी सोळा डॉलर रोजचे, बिलात धरलेले."

व्हर्लिनने एकतीस वर्षं डुलूथच्या बंदरावर
गव्हाचा काटा सांभाळला.
मापात पाप नको, एवढाच त्याचा धर्म.
कमी नाही, आणि जास्तही नाही;
जास्त भरलं तर म्हणायचा,
कुणाच्या तरी पोत्यातून आलं असणार.
आता गुडघ्यात नवी वाटी बसवलीय, जिने उतरवत नाहीत,
म्हणून खोलीत चहा.
नाहीतर कुणाकडून काही आणवून घेणारी
माणसं नव्हे आम्ही.

त्याला काय सांगणार?
लग्नाआधी दोन हिवाळे मी
टू हार्बर्सच्या एका खाणावळीत बशा उचलल्या.
ऑर्व्हिल नावाचं एक गिऱ्हाईक
जाताना टेबलावर नाणं ठेवायचं
आणि त्यावर पाण्याने भरलेला पेला, उपडा.
काढायला जावं तर पाणी सगळं मांडीवर,
आणि त्याच्या दोस्तांचं हसू दारापर्यंत.
मग मी शिकले: पेला हळूच कडेपर्यंत सरकवायचा,
खाली सूपची बशी धरायची.
दहा सेंट. कोरडे.
तेव्हापासून कुणाच्या हातावर पैसे ठेवताना
आधी माझीच मांडी भिजते.

न द्यावं तर वाटतं, आपण त्याला पाहिलंच नाही.
द्यावं तर वाटतं, जरा जास्तच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लिंबू मागितलं, एक फोड.
तिसऱ्या दिवशी न मागता दोन.
चौथ्या दिवशी, केचिकनचा धक्का मागे पडताना, ठरवलं:
शेवटच्या पहाटे देऊ, एकदम, पाकिटात घालून,
वर त्याचं नाव नीट लिहून.
शेवटी देऊ.
किती सोयीचं असतं हे.

सहाव्या पहाटे टिचक्या तीन.
बिल्ला वेगळा: सुगेंग, सेमारांग. लिंबू नाही.
"रोडेलिओ?"
"खाली, लाँड्रीत. मनगट मुरगळलं, मॅडम."
कुणाच्या ट्रेने, ते मी विचारलं नाही.
पाकीट त्याच्या हातात दिलं. "पोचवाल त्याला?"
मग दोन डॉलर त्याचे वेगळे, घाईघाईने,
जणू पोस्टाचं तिकीट लावतेय.
"येस मॅडम," म्हणाला.
चेहऱ्यावर काहीच वाचता आलं नाही.
मलाही त्या वयात यायचं
फडक्याने टेबल पुसावं तसा चेहरा पुसता.

"पावती घेतलीस?" व्हर्लिनने विचारलं.
गमतीनेच. बहुतेक.

शेवटची पहाट. हिमनद्या संपल्या होत्या,
खिडकीत नुसतं राखाडी पाणी, आणि लांब
व्हँकुव्हरचे दिवे विझायला आलेले.
ट्रे सुगेंगनेच आणला. बॅगा दाराशी, बिल दाराखालून सरकवलेलं.
वाटीत लिंबू.
व्हर्लिनने चष्मा लावून मोजल्या: पाच फोडी.

पोचलं असेल.
किंवा प्रवास संपला म्हणून
स्वयंपाकघरात लिंबं उरली असतील.

व्हर्लिनने एक फोड उचलली,
थोडा वेळ तळहातावर जोखल्यासारखी धरली,
आणि माझ्या कपात पिळली. मग दुसरी.
चहा फार आंबट झाला.
मी सगळा प्यायले.