बाकी

वडगावात, विणकरांच्या गल्लीत,
माझ्या पासबुकात किती आहेत
हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक असायचं.
सोसायटीच्या काउंटरवर परशरामभावजी
मोठ्यानं वाचायचे, मी बहिरीही असल्यासारखं:
"वैनी, चार हजार तीनशे बारा!"
संध्याकाळी कुणीतरी दोनशे उसने मागायला यायचंच.

कांड्या भरताना सूत तुटलं
तर माग अडायच्या आधी माझ्या बोटांना कळतं.
हा फोन म्हणजे नुसती काच.
धागा नाही, गाठ नाही, किनार नाही.
"यात मी काय चाचपू?"
शेजारची दीपा हुक्केरी,
घरात कन्नड, माझ्याशी मराठी,
म्हणाली, "काकू, बोट फिरवा नुसतं. बोलतंय बघा ते."

बोललं. हिंदीच्या घशातून मराठी.
बेळगावचं बेलगाव, केळीची केली.
पहिले आठ दिवस मी त्याला सुधारत बसले,
शिकवणीच्या पोराला सुधारावं तशी.
लाइट बिलाचा मेसेज कन्नडमधून आला
तेव्हा ते गप्पच. वस्तू झालं परत.

मग दीपानं त्यात कन्नड आवाज घातला.
तव्यावर भाकरी होती.
एक बाई माझ्या तळहातात म्हणाली, "बेळगावी."
ळ. अख्खा. जीभ टाळूपर्यंत वळवून.
भाकरी करपली.
माझ्या गावाचं नाव नीट घ्यायला
पलीकडच्या दारातली बाई यावी लागली.
बाहेर पाट्यांवरून जे चालतं ते चालू दे,
मला दोन्ही सारख्याच कोऱ्या.

पुढं सोसायटीनं ॲप काढलं.
बोट फिरवलं: "बटण. बटण. बटण."
तिन्ही बिननावाची.
एक दाबलं तर कर्जाचा अर्ज निघाला
पन्नास हजारांचा!

गेले. एकटी, काठी घेऊन,
खासबागेतून, तळणीच्या वासावर डावीकडे वळून.
हुंदरे सेक्रेटरी म्हणाले, "भावजींना पाठवायचं की हो."
म्हटलं, "तुमच्या नातवाचं बारसं केलंत न्हवं?
बटणाला नाव ठेवायला काय पाळणा लागतोय?"
रांगेत कुणीतरी हसलं.
ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिल्याचा आवाज आला.

दोन महिने गेले. दोन बटणांना नावं आली,
एकाला मराठीत: कर्ज.
एकाला कन्नडात: बाकी.
दचकले. वाटलं, मीच देणं लागते.
"न्हाई काकू," दीपा म्हणाली, "बाकी म्हणजे शिल्लक."
एका शब्दाला दोन गावं. असू दे.
तिसरं अजून नुसतं बटणच आहे.
त्याच्या वाटेला मी जात नाही.

काल दुपारी लाइट गेलेली,
गल्लीतले सगळे माग एकदम मुके.
एका कानात इअरफोनचं बोंड,
दुसरा कान दारासाठी मोकळा.
'बाकी'वर बोट टेकलं.
बाईनं आकडा सांगितला, हळू, कन्नडात.
बाजाराचे आकडे येतात मला,
तरी तीनदा ऐकला.
एवढं लहान काहीतरी
आयुष्यात पहिल्यांदा फक्त माझं होतं,
पदराच्या गाठीत न बांधताही.

तेवढ्यात चपला वाजल्या. उजवी जरा घासत.
"वैनी, किती झाले ओ?"

"आहेत की," म्हटलं.
"चहा घेणार काय?"