सव्वीस चौकटी पुढे

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात पाणी नाही,
बत्तीस स्पीकर आहेत,
आणि आम्ही वीसएक माणसं
खोल बाजूच्या फरशीवर, कोट न काढता.
भिंतीवर अजून लिहिलेलं आहे: धावू नका.

इशबेल रँकिन प्रोजेक्टरपाशी उभी आहे, अनवाणी.
एवढ्या गारठ्यात अनवाणी का,
ते इथे बहुधा मला एकटीलाच माहीत.

मार्चमध्ये ती माझ्या खोलीत आली होती.
रुग्णालयाचा तिसरा मजला, दुहेरी काच.
आवाज आला की बटण दाबा –
एकोणीस वर्षं हेच म्हणते आहे मी,
झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.
तिने दाबलं. दाबलं. मग नाही.
मी आवाज वाढवत गेले.
काचेपलीकडे तिचा अंगठा
पाहुण्यांची वाट बघणाऱ्या पोरासारखा
बटणावर ताटकळलेला.

उजव्या कानाची तांबडी वर्तुळं,
डाव्याच्या निळ्या फुल्या, मी जोडल्या.
रेघ निघते बरी,
दोन हजार हर्ट्झच्या पुढे मात्र
अंधारात एक पायरी चुकावी तशी खाली जाते.
तिने प्रत मागितली. मागतात लोक, विम्यासाठी.

फिल्मच्या कडेला आवाजाची चिंचोळी पट्टी असते.
तिच्यातून उजेड जातो
आणि जे तिथे असेल ते वाजतं;
ते गाणं आहे की ओरखडा, उजेड विचारत नाही.
काळ्या फिल्मवर, शिवणाच्या सुईने,
धावदोरा घालावा तशी
इशबेलने माझी रेघ घातली आहे,
आठ महिने, पुन्हा पुन्हा तीच.

"आवाज सव्वीस चौकटी पुढे लिहावा लागतो,"
ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने,
"नाहीतर तो चित्राच्या मागे राहतो."
आणि दिवे घालवले.

भिंतीवर पांढरी रेघ थरथरली.
मग चहूकडून, पाठीमागून,
जिथे पूर्वी पाणी आत येई त्या भोकांतूनसुद्धा –
काय म्हणू त्याला?
ओल्या काचेवर बोट. माश्यांचं मोहोळ. कुणाचं तरी हूं.
माझा अंगठा गुडघ्यावर कधी दाबला गेला, कळलं नाही.
शेजारच्या बाई कानाशी म्हणाल्या,
"आई तागाच्या गिरणीत होती.
घरीही बोटांनीच बोलायची."

आवाज उतरत गेला.
रेघ भिंतीवर होतीच, पण ऐकू येईना.
मला येईना. माझे कान शाबूत आहेत,
दरवर्षी मी ते स्वतः तपासते.
अंगठा थांबला.
कुणीतरी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं.

तेव्हा त्या अंधुक उजेडात
तळवे फरशीला घट्ट टेकून
इशबेलने हात वर केला.
ठेवला. पुन्हा वर केला.
मी चपला काढायला लागले.
बुटांच्या नाड्या, असं म्हणायचं होतं –
घाईत मला अजूनही चपलाच आठवतात.