दहापैकी दहा

नागपूरच्या बाईंनी कागद वाचला:
जैवंता कुमरे, दहापैकी दहा.
माय दचकली.
गणितात मी चारच्या वर कधी गेले नव्हते.

रैनू तेव्हा सात वर्षांचा.
त्याचं कार्ड अख्खं पिवळं,
मायचं अर्धं, बापाचं अर्धं, माझंही अर्धंच.
याचं रक्त इळ्यासारखं वाकतं, डॉक्टर म्हणाले,
आणि मायनं मान खाली घातली,
जणू धानकापणीचा इळा
तीच विसरली होती त्याच्या अंगात.

भ्या वाटते का, मला विचारलं.
मी म्हटलं, काढणार काय?
हाडातला मगज.
तेवढंच?
आमच्याकडे बोकडाची नळी रैनूलाच मिळायची,
मला रिकामी,
ताटलीवर ठकठक वाजवायला.
म्हणजे यंदाही त्यालाच.

जाग आली तेव्हा कंबर
दुसऱ्या कुणाची तरी होती.
लाल पिशवी काचेपलीकडे गेली,
मला अलीकडेच थांबवलं.

तिकडे रैनू टकला, ओठ फुटलेले.
केस गेले, भूक गेली,
लहानपणी टोचलेल्या लसीसुद्धा पुसल्या गेल्या.
पेशींचा आकडा शून्य. शून्य. शून्य.
माय काचेवर बोटानं लिहायची
तिला येत होतं तेवढं: रै.
अठराव्या दिवशी आकडा दोनशे.
नर्सताई म्हणाली, आता डबा आणा, खिचडी पातळ करा.

आता तो सोळाचा.
पूर्वी थंड पाण्यानं हाडं ठणकायची,
रात्रभर बापाच्या खांद्यावर कुरखेड्याचा दवाखाना;
आता पौषातही बोडीत उडी मारतो.
त्याचा रक्तगट बदलला, माझा झाला.
तपासणीत याचं रक्त मुलीचं दिसते, असं कळलं
तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मागच्या महिन्यात पाहुणे आले मला पाहायला.
नाव विचारायच्या आधी कार्ड मागितलं.
अर्धं पिवळं बघून
मुलाच्या मामानं कप खाली ठेवला, अर्धा भरलेला.
बाप काही बोलला नाही.
रैनू दारात उभा, केस ओले, चड्डीतून पाणी गळते,
म्हणाला, माझ्या अंगात हिचंच रक्त हाये.
बोडी पोहून आलो आत्ता,
या काठावरून त्या काठावर.
तुमच्यापैकी कोण येते?